पारसिकचा बोगदा आणि माझे शंभरपैकी मार्क

मागच्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं की तिला हल्ली लिफ्टमध्ये जायची भीती वाटते, सातव्या मजल्यावर जिन्याने चढते आणि घरच्यांना सांगते की व्यायाम चाललाय. त्यावर धडाधड सल्ले आले. प्राणायाम कर, विचारच करू नकोस, पॉझिटिव्ह रहा, एकीने तर कुठल्यातरी स्तोत्राची ऑडिओ टाकली. मी काहीच लिहिलं नाही, कारण मला जे सांगायचं होतं ते व्हॉट्सॲपवर मावणारं नव्हतं आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली, की अर्धा जन्म डोंबिवलीत गेलेल्या बाईने लोकलला घाबरायचं म्हणजे कोळ्याने पाण्याला घाबरल्यासारखं. मग रात्री तिला फोन केला, दीड तास बोललो. तिने विचारलं, तू कशी घालवलीस गं भीती? मी म्हटलं घालवली नाही, तिला कंटाळा आणला. ती हसली, पण मी जोक करत नव्हते.

तर ते सगळं सांगते.

२०१७ चा जुलै. सव्वाआठची फास्ट, लेडीज सेकंड, मी दोन सीटच्या मधल्या गल्लीत उभी, एका हातात डब्याची पिशवी आणि दुसरा हात वरच्या कडीला. बाहेर धो धो पाऊस म्हणून खिडक्या बंद, आत सगळ्यांच्या ओल्या छत्र्या आणि ओढण्यांचा तो वास. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि हळू होत होत थांबली. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंब्रा आणि कळव्याच्या मधे डोंगर आहे, स्लो गाड्या त्याला वळसा घालून खाडीच्या कडेने जातात आणि फास्ट गाड्या तेव्हा डोंगराच्या पोटातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, लांबी साधारण १.३ किलोमीटर. गाडी वेगात असेल तर दीड मिनिटसुद्धा लागत नाही. हा हिशोब मला आता पाठ आहे, तेव्हा नव्हता.

गाडी किती वेळ थांबली कोण जाणे, पाच मिनिटं असेल. पहिलं मिनिट काही नाही. मग एकदम छातीत धडधड सुरू झाली, म्हणजे जिना चढल्यावर होते तशी नाही, कोणीतरी आतून दार ठोठावतंय तशी. श्वास पुरेना. हाताची बोटं बधिर, ओठांभोवती मुंग्या, समोरच्या बाईचा चेहरा लांब गेल्यासारखा दिसायला लागला आणि डोक्यात एकच वाक्य, मी इथे मरणार आणि हे लोक मला बाहेरसुद्धा काढू शकणार नाहीत. बायका चांगल्या असतात हो ट्रेनमधल्या. एकीने उठून फोर्थ सीट (तिघींच्या बाकावर चौथीने टेकायची जागा) दिली, म्हणजे त्या डब्यात राज्य दिल्यासारखंच. एका काकींनी पाणी पाजलं, एकीने ग्लुकोजचं बिस्कीट हातात कोंबलं आणि एकीने हळूच विचारलं, दिवस गेलेत का गं? ठाण्याला दोघी जणी माझ्याबरोबर उतरल्या, स्वतःचं मस्टर बुडवून. त्यांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. ईसीजी नॉर्मल. टू-डी एको नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. हिमोग्लोबिन जरा कमी, पण ते कोणाचं जास्त असतं. फॅमिली डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. (हे वाक्य ऐकून आजवर एका तरी माणसाने टेन्शन घ्यायचं थांबवलं असेल का?) सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, चुलीत टाकल्यावर वास आला नाही म्हणजे नजर लागलेलीच होती असं त्यांनी जाहीर केलं, चूल म्हणजे आमचा गॅस. मी हसले पण मला बरं वाटलं, कारण निदान त्या तरी म्हणत होत्या की काहीतरी झालंय. रिपोर्ट म्हणत होते काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्लो पकडली. घाटकोपरला ऑफिसात पोचायला उशीर झाला पण बोगदा टळला. किती छान वाटलं ते सांगू शकत नाही, सुटल्यासारखं. आणि इथेच सगळा घोळ आहे, पण ते मला आठ-नऊ महिन्यांनी कळलं. कारण पुढच्या आठवड्यात स्लोमध्येसुद्धा मुंब्र्याच्या आधी पोटात गोळा यायला लागला. मग फर्स्टचा पास काढला, गर्दी कमी म्हणून. मग दाराजवळच उभी राहायला लागले, पटकन उतरता यावं म्हणून. मग गर्दीची वेळच नको म्हणून अकराला ऑफिस, मग घरून काम मागून घेतलं, अकाउंट्सचं काम आठवड्यातून तीन दिवस घरून होतं कसंबसं. मग एकदा नाट्यगृहात मधल्या रांगेची तिकिटं होती तर मी बाहेरच बसले. मग लिफ्ट. मग एमआरआय काढायची वेळ आली तर काय या विचाराने, एमआरआयची काही गरज नसताना, रात्री दोनला जाग. २०१८ च्या संक्रांतीला मी माहेरी दादरला गेले नाही, आईला सांगितलं ताप आहे. आईला कळलं. आयांना कळतंच.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, ते मला आधी नुसतं चिडवायला वापरायची म्हण वाटायची. ती चक्क क्लिनिकल निरीक्षण आहे. तुम्ही पळता म्हणून तो मागे लागतो. थांबलात तर तो पण बिचारा थांबतो, त्याला पुढे काय करायचं ते सुचत नाही.

एप्रिलमध्ये नवऱ्याने एका सायकॉलॉजिस्ट मॅडमची अपॉइंटमेंट घेतली. आधी एका मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, एक कमी डोसची रोजची गोळी सुरू केली आणि म्हणाले गोळी मदत करेल पण ट्रेनमध्ये तुम्हालाच बसावं लागेल. मॅडम साधारण माझ्याच वयाच्या, टेबलावर चहाचा कप आणि अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. मला वाटलं होतं आता बालपणाबद्दल विचारणार. त्यांनी विचारलं, तुम्ही ट्रेनमध्ये जाताना पर्समध्ये काय काय ठेवता?

मी सांगत गेले. पाण्याची बाटली. लिमलेटच्या गोळ्या. उलटीची गोळी. झटका आला तर घ्यायची म्हणून एक झोपेची अर्धी गोळी, कागदात गुंडाळून, जी मी कधीच घेतली नव्हती. रुमालाला ओडिकोलन. फोनवर नवऱ्याचा नंबर उघडून ठेवलेला. पॉवर बँक, कारण फोन बंद पडला तर? त्या सगळं लिहून घेत होत्या आणि मला उगाच सामानाची चोरी पकडल्यासारखं वाटत होतं. मग म्हणाल्या, हे सगळं तुमच्या भीतीचं सामान आहे, तुमचं नाही, आपण एकेक करून तिला परत देऊ.

मग त्यांनी एका कागदावर डोंगरासारखी रेघ काढली. भीती चढते, चढते, आणि इथे तुम्ही उतरून जाता, म्हणून तुम्हाला फक्त चढण माहीत आहे. पलीकडचा उतार तुम्ही कधी बघितलाच नाही. दर वेळी उतरलात की सुटलो म्हणून जे हायसं वाटतं ना, तो भीतीचा खुराक आहे, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की बघा, पळालो म्हणून वाचलो. मी म्हटलं, पण नाही उतरले आणि रेघ वरच गेली तर? त्या म्हणाल्या, कुठपर्यंत जाईल? ॲड्रेनलिन काही धरणातून येत नाही. बहुतेकांचा झटका दहाएक मिनिटांत शिखरावर जाऊन ओसरायला लागतो. पुढे बोटांच्या मुंग्यांचंही सांगितलं, की आपण घाबरून भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, म्हणजे श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा खरं तर आपण जास्त घेत असतो. मला हे ऐकून एवढा राग आला. नऊ महिने मी ज्याला हार्ट अटॅक समजत होते तो म्हणजे मी जरा जोरात श्वास घेत होते?

माझी सगळ्यात मोठी भीती, बेशुद्ध पडेन. त्यावर त्या म्हणाल्या, बेशुद्ध पडायला बहुतेक वेळा बीपी खाली यावं लागतं, पॅनिकमध्ये ते वर जातं. चक्कर आल्यासारखं वाटेल पण पडणं अवघड. अपवाद रक्त, सुई, जखमेची भीती, त्यात बीपी आधी वर जाऊन मग धाडकन खाली येतं आणि माणूस खरंच पडतो. माझा धाकटा भाऊ तसाच आहे, रक्त तपासायला गेला की लॅबवाल्यांना आधी त्यालाच झोपवावं लागतं. त्या लोकांना म्हणे उलटं शिकवतात, सैल सोडायचं नाही, हातपायाचे स्नायू घट्ट आवळायचे म्हणजे बीपी टिकून राहतं. मी त्याला सांगितलं, तो आता मुठी आवळून बसतो, पडला नाही त्यानंतर. म्हणजे सगळ्या भीतींना एकच औषध नाही, म्हणून तर शिकलेल्या माणसाबरोबर करायचं हे.

आता मार्कांचं. भीती शून्य ते शंभरात मोजायची. शून्य म्हणजे रविवारी दुपारी जेवून आडवं पडल्यासारखं, शंभर म्हणजे त्या जुलैच्या बोगद्यासारखं. ही पट्टी जोसेफ वोल्पी नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांची, त्यांनी १९५० च्या दशकात भीतीच्या पायऱ्या पाडून एकेक चढायची पद्धत नीट बसवली, फक्त ते आधी शरीर सैल सोडायला शिकवायचे आणि पायऱ्या बऱ्याचदा मनातल्या मनात चढायला लावायचे. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या पोराची सशाची भीती घालवली होती. पोरगं खुर्चीत खाऊ खातंय, ससा लांब पिंजऱ्यात, दुसऱ्या दिवशी जरा जवळ, मग आणखी जवळ, न घाबरणारी इतर मुलं आसपास खेळतायत, करत करत शेवटी ससा मांडीवर. मॅडमनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या मामाने केलं होतं.

आजोळ साताऱ्याकडे. मे महिन्यात सगळी पोरं विहिरीवर. मोठा मामा पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कंबरेला दोर, दोराचं टोक त्याच्या हातात. पहिले दोन दिवस नुसतं पायरीवर बसून पाय बुडवायचे. मग पायरी धरून पाय मारायचे. मग डब्यासकट आत. मग दोर सैल. आणि एक दिवस डबाच नाही. धाकटा मामा मात्र वेगळ्या संप्रदायाचा, तो पोराला उचलून थेट विहिरीत फेकायचा, पोहतंय की आपोआप. माझा मावसभाऊ असा फेकला गेला, तो आज पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि अजून गणपती विसर्जनाला गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यानंतर त्या माझ्या होमवर्कला विहीरच म्हणायला लागल्या. या आठवड्यात विहिरीवर किती वेळा गेलात?

आमची पायऱ्यांची यादी मी वहीत लिहिली होती, ती वही अजून आहे, मागच्या पानांवर वाण्याचा हिशोब. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभं राहणं २०. प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर बसून गाड्या बघणं ३०. दुपारच्या रिकाम्या स्लोने कोपर, एक स्टेशन, मॅडमबरोबर, ४०. तेच एकटीने ५५. स्लोने दिवा. स्लोने ठाणे. मग दुपारची फास्ट. मग गर्दीची स्लो. मग गर्दीची फास्ट दाराजवळ. आणि सगळ्यात वर लाल पेनाने, गर्दीची फास्ट, मधल्या गल्लीत, बाटली नाही, फोन पर्समध्ये बंद, १००. ते लिहिताना माझा हात घामाने कागदाला चिकटला होता.

पण ट्रेनच्या आधी त्यांनी मला क्लिनिकमध्येच घाबरवलं. म्हणजे खुर्चीत बसवून गोल गोल फिरवलं. जागच्या जागी पळवलं. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायला लावला. मुद्दाम एक मिनिट भराभर श्वास. (हे घरी कोणाला विचारल्याशिवाय करू नका, दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरला विचारा, माझे रिपोर्ट बघूनच त्यांनी केलं होतं.) आणि चाळीस सेकंदात तेच सगळं, मुंग्या, धडधड, चेहरे लांब जाणं. तेच, अगदी तेच. फक्त बोगद्याऐवजी समोर चहाचा कप आणि शब्दकोडं. मॅडम घड्याळ बघत होत्या आणि मधेच विचारतात, पाच अक्षरी, पहिलं अक्षर 'क', अर्थ गोंधळलेला. मी धापा टाकत म्हटलं, किंकर्तव्यविमूढ. म्हणाल्या, ते पाचात बसतंय होय. आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरच्या पेशंटला वाटलं असेल आत काय चाललंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे जमेल.

बाकड्याची पायरी माझी सगळ्यात आवडती, कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. दुपारी तीन वाजता डोंबिवलीच्या तीन नंबरवर पाऊण तास नुसतं बसायचं. गाडी पकडायची नाही, मोबाईल बघायचा नाही, थोड्या थोड्या वेळाने वहीत मार्क लिहायचे. पहिल्या दिवशी ५०, ६०, ६०, ४५, ४०, ३०, २५. दुसऱ्या दिवशी ४० पासून सुरू. चौथ्या दिवशी मी बाकड्यावर बसून समोरच्या बुटपॉलिशवाल्याचा धंदा मोजत होते, त्याने पाऊण तासात किती जोड केले ते, आणि वहीत मार्क लिहायचे विसरले. मॅडमना घाबरत घाबरत सांगितलं की होमवर्क राहिला. त्या म्हणाल्या, का राहिला? म्हटलं, कंटाळा आला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मला हाच शब्द ऐकायचा होता.

मला तोवर वाटत होतं की हे सगळं हिमतीचं काम आहे, दात ओठ खाऊन जायचं, आणि माझ्याकडे ती हिंमत नाही. त्यांनी सांगितलं हिंमत एकदाच लागते, पायरीवर पाय ठेवायला, पुढचं काम कंटाळ्याचं. मेंदूला धोका सतत नवाच वाटावा असं काही फार वेळ जमत नाही, तीच गाडी, तेच स्टेशन, तोच भेळवाला, शंभराव्या वेळी तो पण म्हणतो, बाई, पुरे. मात्र कंटाळा यायला पुरेसा वेळ तिथे थांबावं लागतं, आणि मधेच पळालात तर परत पहिलीपासून.

आणि एक होतं, प्रत्येक वेळी जायच्या आधी लिहायचं की काय होईल असं वाटतं, नुसतं भीती वाटेल असं नाही, नेमकं. मी लिहायचे, दिव्याच्या पुढे बेशुद्ध पडेन, लोक साखळी ओढतील, स्टेशनमास्तर येतील. आल्यावर लिहायचं काय झालं. काय झालं? एका बाईने विचारलं तुमची कुर्ती कुठून घेतली. हल्ली म्हणे या क्षेत्रातले लोक, मिशेल क्रास्क वगैरे, यावरच जास्त भर देतात, की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते, आणि ती नवी आठवण पक्की व्हायला तुम्हाला वाटलेलं आणि झालेलं यात जेवढं जास्त अंतर तेवढं बरं. म्हणून स्टेशनमास्तरच्या शेजारी कुर्ती लिहिलेली ती पानं मी अजून फाडली नाहीत.

सरळ झालं का सगळं? छे. मे महिन्यात चार दिवस चांगले गेले म्हणून मला शिंगं फुटली, यादीतल्या तीन पायऱ्या गाळून मी संध्याकाळी ठाण्याहून गर्दीची फास्ट पकडली, नवऱ्याला सरप्राईज द्यायचं म्हणून. चढताना बायकांची बाचाबाची चालली होती, कोणीतरी माझा पाय तुडवला, गाडी कळव्याची खाडी ओलांडून बोगद्यात शिरली आणि मी थेट जुलैमध्ये. डोंबिवलीला उतरले ती रडतच. त्यानंतर दहा दिवस बाकडंसुद्धा नको झालं. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. मॅडमनी फक्त विचारलं, उतरलात का मधे? म्हटलं, फास्ट मधे थांबत नाही तर कुठे उतरणार. म्हणजे पूर्ण प्रवास केलात. हो. बेशुद्ध पडलात? नाही. मग वहीत लिहा. धाकट्या मामाने फेकलं होतं, पण तरंगलात. मग परत कोपरपासून सुरू.

जूनमध्ये सामान परत द्यायला सुरुवात केली. पहिली गेली ओडिकोलन, मग उलटीची गोळी, मग पॉवर बँक. कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी क्लिनिकमध्ये टेबलावर ठेवताना मला दागिना मोडल्यासारखं वाटलं. त्यामागचं कारण साधं आहे, ती पर्समध्ये असेपर्यंत मेंदू म्हणतो गोळी होती म्हणून वाचलो, श्रेय तिला. शिवाय त्या जातीच्या गोळ्यांनी भीती तेवढ्यापुरती दबते पण त्यात शिकायचं राहून जातं असं डॉक्टरही म्हणाले, रोजची गोळी मात्र चालू ठेवली होती, ती मी पुढच्या वर्षी त्यांच्या सांगण्याने हळूहळू बंद केली, मनाने नाही. सगळ्यात शेवटी बाटली. ऐन उन्हाळ्यात बाटली सोडायला लावली नाही एवढी त्यांची कृपा.

बाटलीशिवाय पहिल्या दिवशी मुंब्र्याच्या अलीकडे घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. ७५ मार्क. समोरच्या खिडकीतल्या आजींच्या पायाशी पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली होती आणि मी तिच्याकडे असं बघत होते की त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली, चोर समजल्या असतील.

लाल पेनाची पायरी ऑगस्टात आली. श्रावण, बाहेर ऊन-पाऊस. मी ठरवून वार नाही पाळला, ना शुभ ना अशुभ, कारण ते पण सामानच. सव्वाआठची फास्ट, मधली गल्ली, फोन पर्समध्ये, बाटली घरी. वहीत लिहून गेले होते, श्वास बंद होईल, ओरडेन, सगळ्या बघतील. दिव्याला ५०. बोगद्याच्या तोंडाशी ८५, आत शिरल्यावर अंधार, खिडक्यांवर तो धडधड आवाज परत आदळतो ना, ९०. मी श्वास मोजला नाही, देवाचं नाव घेतलं नाही, डोळे उघडे ठेवले, कारण मोजणं आणि डोळे मिटणं दोन्ही यादीतून बाद झालं होतं. काय करायचं तर फक्त बघायचं. म्हणून मी समोर बघितलं. सीटवर एक बाई मेथी निवडत होती. एकेक जुडी, पानं पिशवीत, देठं पेपरात. मी तिचा हात बघत राहिले आणि माझ्या मनात आलं की ही कोवळी देठं पण टाकतेय, किती नासाडी. मग उजेड आला. कळवा. खाडी. ठाणे. वहीत लिहिलंय, ९०, मग ७०, मग मेथी.

त्यानंतर तीच गाडी मी रोज पकडली, सुट्ट्या सोडून, आणि ५० खाली यायला तीन आठवडे लागले. दसऱ्याला बायकांनी डबा सजवला, झेंडूची तोरणं, आरती, पेढे, तेव्हा मी तोरण बांधायला सीटवर उभी होते आणि बोगदा वरून गेला की खालून ते मला कळलं नाही. अजूनही कधी कधी १५-२० मार्क पडतात, विशेषतः जागरण झालं असेल किंवा चहा जास्त झाला असेल तर. पडू देत.

अल्बर्ट एलिस म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, आपल्याकडे मराठीत वाचणाऱ्यांना हे नाव चांगलं माहितीय, त्यांनी एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या बागेत बाकड्यावर बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी जाऊन बोलायचा सपाटा लावला होता, बायकांशी बोलायची भीती घालवायला. एक डेट ठरली आणि ती पण मुलगी आली नाही. पण भीती गेली. हे वाचल्यावर मला माझ्या बाकड्याबद्दल फार आपुलकी वाटली.

लिफ्टवाल्या मैत्रिणीला मी फोनवर एवढंच सांगितलं की सातव्या मजल्याचं आत्ता सोड, तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवून नुसतं उभं राहायचं असेल तरी एकटीने मनाने यादी बनवू नको, कोणातरी जाणकाराबरोबर बनव. तिच्या गावात सायकॉलॉजिस्ट नाही, तर तिला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, तिथून पुढे कुठे जायचं ते सांगतात. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला. आणि हो, तिच्यासारखी साधी भीती वेगळी, पण कोणावर खरंच अत्याचार झालाय, अपघात झालाय, त्या भीतीच्या पायऱ्या कोणीही हौशी माणसाने, नवऱ्याने, मैत्रिणीने, ब्लॉग वाचून, चढवायला जाऊ नये. धाकटे मामा सगळीकडे असतात.

२०२२ मध्ये पाचवी-सहावी लाईन सुरू झाली आणि फास्ट लोकलचा रस्ता बदलला, आता बोगद्यातून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. म्हणजे एवढं सगळं करून माझा बोगदाच माझ्याकडून काढून घेतला. पेपरात बातमी वाचली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण चक्क वाईट वाटलं, आपण घासून घासून लख्ख केलेलं पातेलं कोणीतरी मागून नेल्यासारखं.

गेल्या वर्षी पुण्याहून ठाण्याला येत होते, एक्सप्रेसने, बरोबर भाची. कल्याण गेलं, दिवा गेलं, मी तिला म्हटलं, आता बघ हं, माझा बोगदा येईल, तुला गोष्ट सांगायचीय. आणि पर्समधून चिवडा काढायला वाकले. डब्याचं झाकण काही केल्या निघेना, ते चमच्याने उचकटण्यात वेळ गेला. वर बघते तर बाहेर खाडी.

"अगं, बोगदा?"

"गेला की मगाशी," भाची म्हणाली. "शेंगदाणे मला जास्त दे."